अशील नक्की कोण?

लॉच्या शेवटच्या वर्षाला प्रोफेशनल एथिक्स नावाचा एक पेपर असतो आणि तो कुणी अभ्यास करून देत नाही. लेखी, जर्नल आणि व्हायवा. व्हायवाला सगळे पांढरा शर्ट घालून, बँड लावून येतात, एक्स्टर्नल विचारतो की वकिलाची अशिलाप्रती कर्तव्यं सांगा, पोरं बार काउन्सिलचे नियम धडाधड म्हणून दाखवतात, की गुपित राखा, विरुद्ध बाजूचं वकीलपत्र घेऊ नका, जाहिरात करू नका, जिंकलेल्या पैशात वाटा मागू नका, आणि मार्क घेऊन चहाला जातात. मी हा पेपर बरीच वर्षं शिकवतेय. वकिली थोडी केली, शिकवणंच जास्त झालं, आणि आमच्या स्टाफरूममध्ये या विषयाला जे स्थान आहे ते शाळेत पीटीच्या तासाला असतं तेच.

मला हा पेपर आवडतो, कारण त्यातल्या सगळ्या नियमांमागे एक चित्र गृहीत धरलेलं आहे आणि ते चित्र कधी फाटतं हे बघायला मजा येते. टेबलाच्या अलीकडे वकील, पलीकडे अशील, मध्ये सातबारा नाहीतर एफआयआरची झेरॉक्स. वकिलानं विचारायचं तडजोड करायची का, अशिलानं घरी जाऊन भावाला विचारून उद्या सांगतो म्हणायचं. आता समजा एखाद्या औषधानं पन्नास हजार माणसं आजारी पडली आणि त्यातली पाच हजार एकाच वकिलाकडे आली. कंपनी म्हणते सगळ्यांचं मिळून एवढे कोटी देतो, घ्यायचे तर घ्या. कुणाला विचारायचं? ज्याची किडनी गेली आणि ज्याला नुसती मळमळ झाली त्या दोघांचा पैसा एकाच थैलीतून येणार, म्हणजे एकाला जास्त दिलं की दुसऱ्याला कमी, म्हणजे दोन अशिलांत हितसंबंधांचा झगडा, आणि नियम म्हणतो की अशा वेळी वकिलानं बाजूला व्हावं. बरं, झाला बाजूला. मग त्या पाच हजारांचं कोण बघणार? स्वतंत्र वकील परवडणारा त्यात बहुतेक एकही नसतो.

अमेरिकेत अशा खटल्यांना मास टॉर्ट म्हणतात, आणि या गुंत्यात ज्या माणसानं आयुष्य काढलं त्याचं नाव जॅक वाइनस्टीन. जन्म 1921 चा, कॅन्सस राज्यातल्या विचिटाचा, वाढले ब्रुकलिनमध्ये, कॉलेज रात्रीचं केलं, दुसऱ्या महायुद्धात पाणबुडीवर होते, परत येऊन कोलंबियाला लॉ केलं आणि 1952 पासून तिथेच प्रोफेसर. शाळांतला वर्णभेद संपवणाऱ्या 1954 च्या ब्राउन खटल्याच्या तयारीत वकील थर्गुड मार्शल यांच्या टीमला मदत करणाऱ्यांत हेही होते. 1967 मध्ये प्रेसिडेंट जॉन्सननी त्यांना ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टात जज केलं, तरी कोलंबियात शिकवणं पुढेही कितीतरी वर्षं चालूच. 2020 मध्ये काम थांबवलं तेव्हा वय 98, पुढच्या वर्षी गेले. कोर्टात बरेचदा काळा झगा न घालता साध्या सुटात बसायचे, आणि वर मंचावर बसण्याऐवजी खाली टेबलाशी, वकिलांच्या आणि पक्षकारांच्या सोबत. आपल्याकडे जिल्हा कोर्टात साहेब डायसवरून खाली उतरून पक्षकाराशेजारी खुर्ची ओढून बसलेत असं डोळ्यासमोर आणून बघा, पट्टेवालाच आधी चक्कर येऊन पडेल.

मी त्यांची भक्त वगैरे नाही. उलट त्यांच्याशी मनातल्या मनात माझं भांडण चालू असतं, आणि ते मुख्यतः एजंट ऑरेंजच्या केसवरून.

व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन विमानांनी जंगलावर आणि पिकांवर जी तणनाशकं फवारली त्यातलं हे सर्वात जास्त वापरलेलं, पिंपावरच्या नारिंगी पट्ट्यामुळे ते नाव पडलं. त्यात डायॉक्सिन नावाचं विषारी द्रव्य होतं. सैनिक घरी आले, काही वर्षांनी कुणाला कॅन्सर, कुणाला कातडीचे विकार, कुणाची मुलं व्यंग घेऊन जन्मली, आणि 1970 च्या दशकाच्या शेवटी केमिकल कंपन्यांवर खटले सुरू झाले. सरकारवर दावा लावता येत नाही, सैनिकांना तशी मनाई आहे, म्हणून कंपन्या. सात कंपन्या होत्या, त्यात डाऊ आणि मोन्सँटो मोठ्या (हो, तीच मोन्सँटो, विदर्भातल्या कापूसवाल्यांना नाव नवं नाही). सगळे खटले एकत्र करून एक क्लास ॲक्शन, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं एकच दावा, बनवली गेली आणि त्यात अंदाजे 24 लाख माजी सैनिक आले, शिवाय त्यांची बायकामुलं. 24 लाख अशील. त्यांच्या वतीनं वकिलांची एक नऊ जणांची कमिटी.

आधीचे जज वरच्या कोर्टात गेले आणि 1983 च्या ऑक्टोबरात केस वाइनस्टीनकडे आली. त्यांनी लगेच तारीख टाकली, 7 मे 1984, ट्रायल त्या दिवशी सुरू होणार म्हणजे होणार. ट्रायलच्या आधीच्या शनिवार-रविवारी दोन्ही बाजूंच्या वकिलांना कोर्टात बसवून ठेवलं आणि मध्यस्थ म्हणून नेमलेली माणसं, त्यात केनेथ फाइनबर्ग, या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. जजसाहेब स्वतःसुद्धा दोन्हीकडे बोलत होते. सैनिकांच्या वकिलांना सांगायचे की तुमच्याकडे हे रसायन आणि हा आजार असा थेट संबंध दाखवणारा पुरावा कच्चा आहे, कंपन्यांना सांगायचे की ज्युरीसमोर व्हीलचेअरवरचा सैनिक आला की तुमचं काय होईल याचा विचार करा. सोमवारी पहाटे, ज्युरी निवडायला काही तास उरले असताना, 18 कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्यातले 45.5 टक्के मोन्सँटोच्या वाट्याला.

त्या रात्री त्या इमारतीत सात कंपन्यांचे वकील होते, नऊ जणांच्या कमिटीतले वकील होते, मध्यस्थ होते, जज होते. 24 लाखांनी हो म्हटलं की नाही, हे विचारायची ना वेळ होती ना सोय. बहुतेकांना बातम्यांतून कळलं.

आता या कमिटीची गंमत ऐका, कारण वर्गात हे सांगितलं की झोपलेली पोरंही उठून बसतात. खटला चालवायला पैसा लागतो, एक्स्पर्ट, प्रवास, कागदपत्रं. कमिटीतल्या काही वकिलांनी खिशातून लाखो डॉलर घातले आणि आपापसात एक करार केला की जो पैसा घालेल त्याला कोर्टानं दिलेल्या फीमधून आधी त्याच्या तिप्पट परत, मग उरलेलं बाकीच्यांत. सैनिकांना याचा पत्ता नाही, कोर्टालाही सांगितलेलं नाही. तडजोड झाल्यावर कमिटीतल्याच एका वकिलानं आक्षेप घेतला तेव्हा ते बाहेर पडलं. वाइनस्टीननी करार चालू दिला, म्हणाले पुढच्या वेळी असं काही असेल तर कोर्टाला वेळेवर सांगा. अपील कोर्टानं 1987 मध्ये तो मोडीत काढला आणि कारण अगदी दुकानदारी भाषेत समजेल असं दिलं. तिप्पट म्हणजे तिप्पट, ते उद्या मिळालं काय आणि पाच वर्षांनी मिळालं काय रक्कम तीच, आणि तडजोड 18 कोटींची झाली काय 40 कोटींची झाली काय तरी तीच, तर मग अशा वकिलाला थांबून जास्त ओढायची काय गरज? लवकर मिटवण्यातच त्याचा फायदा. अशिलाचा फायदा मात्र कदाचित थांबण्यात.

एथिक्सच्या पेपरात याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात आणि पोरं व्याख्या पाठ करतात. मला वाटतं की हा एक करार नीट वाचला तर व्याख्येची गरज पडणार नाही. इथे कुणी पैसे खाल्ले नव्हते, कुणी खोटी सही केली नव्हती, उलट स्वतःचे पैसे धोक्यात घातले होते. आणि तरीही त्या रात्री खोलीत बसलेल्या माणसाचं घड्याळ आणि अशिलाचं घड्याळ वेगळं चालत होतं.

क्लास ॲक्शनमध्ये तडजोड जजनी मंजूर करावी लागते, ती न्याय्य आहे का हे बघून. त्यासाठी सुनावणी घ्यायची असते, बरेच जज ती अर्ध्या दिवसात उरकतात. वाइनस्टीननी 1984 च्या ऑगस्टमध्ये ब्रुकलिन, शिकागो, ह्यूस्टन, अटलांटा, सॅन फ्रान्सिस्को अशी पाच शहरं फिरून सुनावण्या घेतल्या. पाचशेच्या आसपास माणसं बोलली, सैनिक, त्यांच्या बायका, आया, विधवा. पुष्कळांनी तडजोडीला विरोध केला. काहींना पैसे नकोच होते, त्यांना कोर्टात कंपनीच्या माणसाला उभं करून विचारायचं होतं की तुम्हाला माहीत होतं का, कधीपासून माहीत होतं. जजनी सगळं ऐकून घेतलं आणि तडजोड मंजूर केली.

इथेच माझं भांडण. ऐकून घेणं आणि विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वाइनस्टीनसारख्या माणसालाही पहिली करून दुसरी केल्याचं समाधान मिळत असावं असा मला संशय आहे. लग्न ठरल्यावर मुलीला विचारतात ना, तुला पसंत आहे ना गं, तसं. हॉल बुक झालेला असतो.

पुढचं तर मला अजिबात पटत नाही. क्लासमधून बाहेर पडून आपला वेगळा खटला चालवू म्हणणारे काही शे सैनिक होते, कायद्यानं तशी मुभा असते. वाइनस्टीननी 1985 मध्ये त्यांचे दावे ट्रायलशिवाय काढून टाकले, आजाराचं कारण हेच रसायन आहे हे सिद्ध करायला पुरेसा पुरावा नाही म्हणून. म्हणजे त्याच पुराव्यावर आत राहिलेल्यांना मिळून 18 कोटी आणि बाहेर पडलेल्यांना शून्य. कायद्याच्या दृष्टीनं दोन्ही निकाल वेगवेगळे टिकतात, अपीलातही टिकले, बाहेर पडलेल्यांच्या बाबतीत वरच्या कोर्टानं कारण वेगळं दिलं एवढंच. पण एखाद्या सैनिकाच्या घरात जेवणाच्या टेबलावर हे कसं समजावून सांगणार? नाही म्हणालास म्हणून काहीच नाही मिळालं, असंच त्याला ऐकू येणार.

आणि आत राहिलेल्यांना तरी काय? शंभर टक्के अपंगत्व असलेल्याला जास्तीत जास्त 12,800 डॉलर, तेही वर्षावर्षानं हप्त्यानं. मृताच्या कुटुंबाला साधारण 3,400. व्याज धरून पुढच्या काही वर्षांत जवळजवळ 52,000 जणांना एकूण 19 कोटी 70 लाख डॉलर वाटले गेले. सरासरी काढली तर माणशी चार हजारसुद्धा भरत नाहीत. खरी मदत झाली ती 1991 च्या कायद्यानं, जेव्हा अमेरिकन संसदेनं ठरवलं की व्हिएतनामला गेलेल्या सैनिकाला ठराविक आजार झाले तर संबंध सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर टाकायची नाही, धरूनच चालायचं. म्हणजे जे कोर्टाला झेपत नव्हतं ते शेवटी पेन्शन खात्यानं केलं.

हे सगळं मी त्यांच्या विरोधात सांगतेय असं वाटेल, पण त्यांचं मोठेपण असं की हे प्रश्न त्यांनी स्वतःच आधी लिहून ठेवलेत. 1994 मध्ये नॉर्थवेस्टर्नच्या लॉ जर्नलात त्यांचा मोठा लेख आला, मास टॉर्टमधले नैतिक पेच याच विषयावर. त्यात ते वकिलांनाही धरतात, प्रोफेसरांनाही धरतात आणि जजनाही, म्हणजे स्वतःलाही. मुद्दा साधारण असा की आपले नियम एका वकिलाला एक अशील धरून लिहिलेत, हजारोंच्या खटल्यात ते तसेच लावले तर एकतर खटला उभाच राहणार नाही, नाहीतर सगळे नियम मोडून चालवावा लागेल, तर मग माणसांशी सतत संवाद ठेवायची जबाबदारी वकिलावर आणि जजवरही टाका, गावात जा, लोकांना भेटा. जजनी दोन्ही बाजूंशी खासगीत बोलावं का, मध्यस्थ नेमून त्याच्या तोंडून निरोप पाठवावेत का, यावर त्यांच्यावर टीका होत होती आणि ती त्यांना नीट माहीत होती. चाळीसेक वर्षं प्रोफेसरकी केलेला माणूस जजच्या खुर्चीत बसून स्वतःचाच पेपर तपासतोय असं वाचताना वाटतं. मार्क मात्र जरा सढळ देतो.

ज्यांनी जाणूनबुजून खाल्ले त्यांचं प्रकरण सोपं असतं म्हणून थोडक्यात सांगते. केंटकी राज्यात फेन-फेन नावाच्या बारीक होण्याच्या गोळ्यांनी हृदयाच्या झडपा खराब झालेल्या 440 जणांची 2001 मध्ये 20 कोटी डॉलरवर तडजोड झाली. अशिलांना एकूण रक्कम कधी सांगितलीच नाही, एकेकाला बोलावून तुमचे एवढे आलेत म्हणून सही घेतली आणि वर सांगितलं की कुठे बोललात तर दंड पडेल. निम्म्याहून जास्त पैसा वकिलांकडे राहिला, काही एका नव्याच धर्मादाय संस्थेत गेला जिच्या बोर्डावर तेच वकील पगार घेऊन बसले, आणि ज्या जजनी हे मंजूर केलं तेही नंतर त्याच बोर्डावर. यातल्या दोन वकिलांनी एक घोडा घेतला होता, कर्लिन नावाचा, तो 2007 आणि 2008 अशी दोन वर्षं अमेरिकेतला सर्वोत्तम रेसचा घोडा ठरला. दोघेही 2009 मध्ये दोषी ठरून तुरुंगात गेले.

या केंटकीच्या प्रकरणात तडजोड घडवून आणायला सिनसिनाटीचा एक बडा वकील बोलावला होता, स्टॅन्ली चेस्ली. त्याला सुमारे 2 कोटी डॉलर फी मिळाली आणि त्यापायी 2013 मध्ये केंटकीनं त्याची सनद काढून घेतली. हे नाव वाचल्यावर मी थांबले, कारण ते मला आधीपासून माहीत होतं. भोपाळमुळे.

2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्री गॅस सुटला आणि आठवड्याच्या आत अमेरिकन वकील भोपाळात उतरले. वस्त्यांमधून फिरून वकीलपत्रांवर अंगठे घेतले गेले, हजारोंनी. ज्यांचा अंगठा घेतला त्यांना कागद इंग्रजीत, कोर्ट अमेरिकेत, वकील हॉटेलात. आपल्याकडे वकिलानं काम मागायला जाणं हाच मुळात गुन्हा, 1970 च्या दशकात मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारात अशील पकडायला वकिलांची जी धक्काबुक्की चालायची त्यावर सुप्रीम कोर्टात जस्टिस कृष्णा अय्यर यांनी लिहिलेला निकाल आम्ही दरवर्षी शिकवतो. पण भोपाळात स्वतःहून जाणारा वकील कोण होता, तर परदेशातला, ज्याला आपले नियम लागू नाहीत. अमेरिकेत असे 145 दावे गोळा झाले, ते न्यूयॉर्कच्या जज कीनन यांच्याकडे गेले आणि त्यांनी तीन वकिलांची कमिटी नेमली. एक भारत सरकारचा अमेरिकन वकील, एक तिकडचे नावाजलेले फौजदारी वकील एफ. ली बेली, आणि तिसरे हे चेस्ली.

दरम्यान आपल्या सरकारनं 1985 मध्ये कायदा करून सांगितलं की भोपाळच्या सगळ्या पीडितांच्या वतीनं आम्हीच लढणार, आम्ही पालक. अंगठेबाजीला आळा बसला हे खरं. पण मग तोच प्रश्न आणखी मोठा होऊन आला. ज्या युनियन कार्बाइड इंडियानं गॅस सोडला तिचे साधारण 22 टक्के शेअर सरकारी वित्तसंस्थांकडे होते, आणि कारखान्याची तपासणी करायची जबाबदारीही सरकारचीच. साध्या वकिलाचं असं असतं तर बार काउन्सिलनं सनद घेतली असती. सुप्रीम कोर्टासमोर हा मुद्दा आला आणि कोर्टानं सांगितलं की दुसरं कुणी हे करू शकत नाही, तेव्हा गरजेपोटी चालवून घ्यावं लागेल.

न्यूयॉर्कमध्ये तर उलटीच वरात होती. भारत सरकार सांगतंय की आमच्या कोर्टांना हे झेपणार नाही, खटला इथेच चालवा, आणि अमेरिकेतली मूळ कंपनी युनियन कार्बाइड, तिच्या बाजूनं आपले मुंबईचे कायदेपंडित नानी पालखीवाला प्रतिज्ञापत्र देतायत की भारतीय न्यायव्यवस्था पूर्ण समर्थ आहे. कीनन यांनी 12 मे 1986 ला खटला भारतात पाठवला. आणि 14 फेब्रुवारी 1989 ला, सुप्रीम कोर्टात अंतरिम भरपाईचा वाद चालू असताना, मूळ दाव्यात एक साक्षीदारही तपासला गेला नसताना, 47 कोटी डॉलरवर सगळं मिटलं. कार्बाइडवरचे फौजदारी खटलेसुद्धा त्यातच गुंडाळले होते, ते 1991 मध्ये पुन्हा उघडले. ब्रुकलिनमध्ये निदान पाच शहरांत सुनावणी झाली. भोपाळकरांना आधी तर सोडाच, मंजुरीच्या वेळीही कुणी बोलावलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात चरणलाल साहू निकालात कोर्टानं मान्य केलं की पीडितांचं म्हणणं ऐकायला हवं होतं, आणि वर म्हटलं की मोठं चांगलं काम करताना कधी थोडं चुकीचंही चालतं. पुढे बहुतेक जखमींना जे मिळाले ते 25,000 रुपये, तेवढेच पुन्हा 2004 नंतर, तेही किती हेलपाट्यांनी.

भोपाळच्या बाबतीत आपल्याकडचा वाइनस्टीन कोण म्हणाल तर मी उपेंद्र बक्षींचं नाव घेईन, फक्त हे जज झाले नाहीत, बाहेरून ओरडत राहिले. मुंबई विद्यापीठात शिकलेले, दिल्लीत प्रोफेसर आणि पुढे कुलगुरू. मराठी वाचकाला ते वेगळ्या कारणानं माहीत असायला हवेत. आपल्या चंद्रपूरच्या मथुरा प्रकरणात, म्हणजे पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात, पोलिसांना सोडणाऱ्या निकालावर 1979 मध्ये चार कायदा-प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं त्यात बक्षी होते, लोतिका सरकार होत्या, आणि वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर ही आपली माणसं होती. भोपाळवर बक्षींनी वर्षानुवर्षं लिहिलं, कागदपत्रं गोळा करून छापली. आणि कार्बाइडचे वकील फली नरीमन यांना त्यांनी जो प्रश्न जाहीरपणे केला, की अशा कंपनीचं वकीलपत्र घ्यावंच का, तो एथिक्सच्या पेपरातला सगळ्यात अवघड आहे. वकिलानं आलेलं ब्रीफ नाकारायचं नसतं, हे आम्हीच शिकवतो. नरीमन यांनी उतारवयात लिहिलं की हे सगळं आधी माहीत असतं तर मी ती केस घेतली नसती. आमच्या वर्गात यावर दरवर्षी दोन तट पडतात. मला स्वतःला वाटतं की कार्बाइडलाही वकील मिळायलाच हवा होता, आणि चांगला मिळायला हवा होता. खटकतं ते दुसरं, की तडजोडीच्या दिवशी कोर्टात कंपनीकडे अशिलाला फोन करून विचारणारा वकील होता आणि दुसऱ्या बाजूकडे नव्हता.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर एखाद्या शनिवारी लोकअदालतीला जाऊन बसा. मोटार अपघाताचे क्लेम ढिगानं असतात, इन्शुरन्स कंपनीचे ऑफिसर यादी घेऊन येतात, क्लेमवाल्या वकिलाकडे त्याच कंपनीविरुद्धच्या दहा-पंधरा फायली असतात आणि तो त्या एकगठ्ठा मिटवतो. याच्यात पन्नास वाढवा, त्याच्यात मी तीस सोडतो. मी पॅनेलवर बसले होते तेव्हा एक आजी समोर आल्या, मुलगा ट्रकखाली गेलेला, नऊवारीच्या ओच्यात मोबाइल खोचलेला. कागदावर अंगठा देऊन झाला आणि मग त्यांनी वकिलाला विचारलं, किती झालं रं बाबा? तो म्हणाला, चांगलं झालंय मावशी, तुम्ही काळजी नका करू. मी आकडा वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली, म्हणाल्या बरं, आणि सुनेला शोधायला बाहेर गेल्या. आकडा वाईट नव्हता हो. फायली वेगवेगळ्या चालवल्या असत्या तर कदाचित थोडा जास्त आला असता, कदाचित चार वर्षांनी आला असता. अशिलाच्या पैशात वाटा मागायचा नाही हा नियम सुप्रीम कोर्टाच्या 1954 च्या निकालापासून ठाम आहे, आणि क्लेममध्ये टक्के कसे चालतात हे कोर्टाबाहेरच्या टपरीवाल्यालाही ठाऊक आहे. मला तर वाटतं की टक्केवारी उघडपणे मान्य करून तिच्यावर मर्यादा घातलेली बरी. वाइनस्टीननी झायप्रेक्सा या औषधाच्या खटल्यात तेच केलं होतं, हजारो लोकांनी वकिलांशी केलेले करार असतानाही फीवर 35 टक्क्यांची मर्यादा घातली, लहान क्लेमना 20. करारस्वातंत्र्याच्या नावानं बोंब झाली, पण मर्यादा राहिली.

आणि ह्याच माणसानं 2005 मध्ये व्हिएतनामी लोकांचा दावा फेटाळला. ज्यांच्या डोक्यावर ते रसायन पडलं होतं ते अखेर त्यांच्याच कोर्टात आले होते. आंतरराष्ट्रीय कायद्यात त्या वेळी तणनाशक फवारण्याला स्पष्ट बंदी नव्हती, असं दोनशेहून जास्त पानांचं निकालपत्र. मी ते वाचलंय, कायदा म्हणून चूक काढणं अवघड आहे. शनिवार-रविवार बसवून तडजोड घडवणारा जज मात्र त्या पानांत दिसत नाही.

गेल्या वर्षीपासून मी वर्गात टाल्कम पावडरची केस घेते. जॉन्सनची बेबी पावडर म्हटल्यावर पोरांना लगेच मुलुंडचा कारखाना आठवतो, 2022 मध्ये आपल्या एफडीएनं, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं, त्याचं लायसन रद्द केलं होतं आणि 2023 च्या जानेवारीत हायकोर्टानं ते परत दिलं, पण ते भांडण पावडरच्या पीएचचं, म्हणजे आम्लतेच्या प्रमाणाचं होतं. अमेरिकेतलं वेगळं, तिथे कॅन्सर झालेल्या हजारो बायकांचे दावे आहेत. कंपनीनं दाव्यांसाठी एक वेगळी कंपनी काढून तिचं दिवाळं जाहीर केलं आणि सुमारे 9 अब्ज डॉलरची योजना मांडली, दावेदारांच्या 75 टक्के मतांनी मंजूर होणारी. म्हणजे बघा, या वेळी खरंच विचारलं होतं. मतदान घेतलं होतं. 31 मार्च 2025 ला ह्यूस्टनच्या जजनी योजना फेटाळली, कारण मतं तपासायला घेतल्यावर दिसलं की पुष्कळ ठिकाणी अशिलाच्या वतीनं वकिलानंच मत टाकलंय आणि तसा अधिकार त्याला होता की नाही याचा कागद धड नाही. दोन वकील फर्म तर एकाच बायकांवरून भांडत होत्या. एकीनं हजारो मतं नाही म्हणून नोंदवली, दुसरीनं तीच फिरवून हो केली. त्या बायकांपैकी किती जणींना कळलं असेल की आपण आधी नाही म्हटलंय आणि मग हो म्हटलंय, कुणास ठाऊक.